बटण दाबल्यानंतर : प्रस्तावना

बंद पडलेला संगणक आणि एकदाही चालू न झालेला संगणक यांची दुखणी वेगळी असतात. पहिला काल संध्याकाळपर्यंत चालत होता. त्यामुळे ‘कालपासून काय बदलले?’ एवढे विचारले तरी शोधाला दिशा मिळते. रात्री वीज कडाडली, कोणी कॅबिनेट हलवले, पोराने जास्तीची रॅम लावून पाहिली, असे काहीतरी उत्तर निघतेच. नव्याने जोडलेल्या संगणकाला असा ‘काल’ नसतो. त्याचा प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, एसएमपीएस चौथीचा. आणि ही सारी मंडळी आज प्रथमच एकत्र आलेली. बटण दाबूनही काही घडले नाही तर चार शक्यता एकदमच समोर उभ्या राहतात. एखादा भाग मुळातच खराब आला असेल. भाग चांगले असून जोडणी चुकली असेल. जोडणी बरोबर असून दोन भागांचे आपसांत जमत नसेल. किंवा सगळे ठीक असेल आणि आपणच घाई करत असू. यांपैकी पहिली शक्यता लोकांना सर्वांत आधी सुचते आणि बहुधा ती सर्वांत शेवटी तपासावी अशी असते. हे पुस्तक अशा नव्या, न चालणाऱ्या संगणकाविषयी आहे.

ते नंदुरबार जिल्ह्यात बसून लिहिले आहे, याला कारण आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये नवे मशीन चालू झाले नाही तर कारागीर फार विचार करत नाही, आणि त्याला तशी गरजही नसते. तो शेजारच्या दुकानातून दुसरी रॅम आणतो, लावून पाहतो. नाही चालले तर दुसरा एसएमपीएस, मग दुसरा बोर्ड. पाचव्या-सहाव्या अदलाबदलीला मशीन चालू होते आणि शेवटी बदललेला भाग दोषी ठरतो. ही पद्धत वाईट नाही. पण तिला अट एकच : प्रत्येक भागाचा चांगला जोडीदार हाकेच्या अंतरावर हवा.

धडगावात ही अट पुरी होत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा सहा तालुक्यांचा. नंदुरबार आणि नवापूर सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर आहेत. शहादा आणि तळोदा तापीकाठच्या सपाटीवर. अक्कलकुव्याचा मोठा भाग आणि अक्राणी, म्हणजे धडगावचा मुलूख, सातपुड्यात. सुटे भाग सुरतेहून, नाशिकहून, मुंबईहून किंवा कुरियरने येतात. नंदुरबारच्या दुकानदाराला एखादा भाग एक-दोन दिवसांत मिळू शकतो. धडगावच्या माणसाला तो चांदसैली घाटातून वर न्यावा लागतो, अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीच्या माणसाला देवगोई घाटातून. आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की सगळेच थांबते. इथे ‘दुसरा लावून बघू’ हा उपाय नसून आठवडाभराची प्रतीक्षा असते. ज्याच्या हाताशी दुसरा भाग नाही, त्याला हातातल्याच भागांकडून उत्तर काढून घ्यावे लागते. विचाराने निदान करणे ही आपल्याकडे हौस नाही, अंतराने लादलेली गरज आहे. त्या गरजेचे शिस्तशीर शास्त्र करता येते, एवढेच या पुस्तकाला सांगायचे आहे.

संगणकाशी या जिल्ह्याचे नाते तसे जुने आणि मानाचे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार ओळखपत्रे याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिली गेली. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. त्यानंतरच्या वर्षांत शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, पेन्शन असे सगळे एकेक करत पडद्यावर गेले. आज सेवा केंद्रातले एक मशीन बंद राहिले तर त्याचा ताप एकट्या मालकाला होत नाही; अर्जाच्या शेवटच्या तारखेला रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना होतो. नवे मशीन जोडून घेणारे आपल्याकडचे लोकही हेच : सेवा केंद्रवाले, लग्नाचे अल्बम करणारे फोटो स्टुडिओ, फ्लेक्स छापणारे, अभ्यासिका, शाळा, आणि पैसे साठवून गेमिंग पीसी बांधणारी कॉलेजची मुले. २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रभर लाखो लोकांना माउस धरायला शिकवले, ते मोठेच काम झाले. पण चालू असलेला संगणक वापरणे आणि बंद असलेल्याला चालू करणे ही दोन निराळी शिक्षणे आहेत. पहिले गावोगाव पोचले. दुसरे बरेचसे शहरातल्या दुकानांच्या मागच्या खोलीतच राहिले.

मुळात सुटे भाग आणून घरी संगणक जोडता येतो, हेच थोडे नवलाचे आहे. दूरदर्शन संच किंवा फ्रीज असा कोणी जोडत नाही. याचे मूळ १२ ऑगस्ट १९८१ या दिवसात आहे. त्या दिवशी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. तो लवकर तयार व्हावा म्हणून बाजारात मिळणारेच भाग वापरले होते, आणि त्याची तांत्रिक माहिती, बायोसच्या छापील संकेतासह, कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केली होती. बायोसची हुबेहूब नक्कल कायद्याने करता येत नव्हती. तेव्हा इतर कंपन्यांनी तेच काम करणारे स्वतःचे बायोस लिहिले आणि सुसंगत यंत्रांचा पूर आला. एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या कार्डाशी बोलू लागला तो तेव्हापासून. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘असेंबल्ड’ पीसीचा धंदा उभा राहिला तो याच मोकळीकीवर. या मोकळीकीची किंमतही आहे. तयार ब्रँडेड मशीनमध्ये सगळ्या भागांचे आपसांत जमते की नाही हे कारखान्यात तपासलेले असते. असेंबल्ड मशीनमध्ये ती तपासणी आपल्याकडे येते, मग आपण तिला तयार असू वा नसू.

आता शीर्षकातल्या बटणाकडे येऊ. पुस्तकाचा कणा तिथेच आहे.

जुन्या, एटी पद्धतीच्या संगणकात समोरचे बटण हा खरोखरीचा विजेचा खटका होता. २३० व्होल्टची वायर थेट त्याच्यापर्यंत यायची. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाचा अधिकार गेला. आजचे बटण वीज चालू करत नाही. ते मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते, म्हणजे बोर्डाकडे फक्त अर्ज करते. अर्ज ऐकायला बोर्ड आधीपासून थोडा जागा लागतो. म्हणून प्लग लावून मागचा स्विच चालू केला की, मशीन बंद दिसत असतानाही, एसएमपीएस जांभळ्या वायरवर ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा देत राहतो. अर्ज आला की बोर्ड हिरवी वायर शून्यावर ओढतो. हा एसएमपीएसला हुकूम. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे उभे राहतात. ते स्थिर झाले की एसएमपीएस राखाडी वायरवर ‘आता वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. प्रमाणानुसार याला १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात. तोवर बोर्ड प्रोसेसरला अडवून धरतो. संकेत आला की प्रोसेसर सुटतो आणि बायोसमधली पहिली आज्ञा उचलतो. बायोस रॅम तपासतो, मग ग्राफिक्स जागे करतो, मग पडद्यावर काही दिसते, आणि सर्वांत शेवटी तो विंडोज कुठे आहे हे शोधायला निघतो.

ही साखळी पाठ करण्याची गोष्ट नाही, वापरण्याची आहे. पुढची कडी मागचीवर अवलंबून असते, त्यामुळे मशीन जिथे थांबले त्याच्या आधीचे सगळे बहुतांशी ठीक आहे असे धरता येते. मशीन कुठवर चालत गेले हे कळले की शोधाचे क्षेत्र एकदम आकसते. ‘काय खराब आहे?’ हा पहिला प्रश्न नव्हेच. ‘कुठे थांबले?’ हा पहिला प्रश्न. शहाद्याकडे केळीच्या बागेतली मोटर चालू झाली नाही तर शेतकरी आधी तिन्ही फेज आहेत का ते पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, आणि मोटर वर काढून वाइंडिंगला न्यायची वेळ सर्वांत शेवटी येते. ज्याला हा क्रम माहीत आहे त्याला या पुस्तकाची पद्धत नवी शिकवावी लागणार नाही. फक्त कड्यांची नावे शिकावी लागतील.

गिऱ्हाईक मात्र साखळीच्या भाषेत बोलत नाही. “दादा, नवं मशीन चालूच होईना,” एवढेच तो सांगतो. या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि पुस्तकाची मुख्य चार प्रकरणे त्यांच्यावर आहेत.

पहिली तक्रार : काहीच होत नाही. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. म्हणजे अर्ज पोचला नाही किंवा हुकूम सुटला नाही. प्लगमध्ये वीज आहे का, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालू आहे का, २४ पिनांचा मोठा कनेक्टर खटका लागेपर्यंत बसला आहे का, हे आधी पाहायचे. मग कॅबिनेटच्या बारीक वायरी. पॉवर स्विच, रिसेट आणि दिव्यांच्या त्या पिना इतक्या जवळजवळ असतात की एक घर सरकले तरी बटण निर्जीव होते. इथे एक सोपी युक्ती आहे : कॅबिनेटची वायर काढून टाकायची आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर लावायचे. मशीन चालू झाले तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत होता. हजारोंचा बोर्ड निर्दोष सुटला.

दुसरी तक्रार : पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो. हुकूम सुटला, पण एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसला आणि त्याने स्वतःहून हात आखडला. नव्या मशीनमध्ये याचा एक नेहमीचा गुन्हेगार म्हणजे बोर्डाखाली जास्तीचा राहिलेला पितळी स्टँडऑफ. बोर्डाच्या ज्या जागी भोक नाही, तिथे तो मागच्या सोल्डरला टेकतो. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला आणि चालू झाला, की निकाल लागला.

तिसरी तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते आणि सर्वांत अधिक गोंधळात टाकते : पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. वीज आली, विचार सुरू झाला नाही किंवा झालेला विचार दिसत नाही. पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण याच तक्रारीवर आहे. प्रोसेसरच्या शेजारचा ८ पिनांचा वेगळा वीजपुरवठा लावायचा राहिला तरी पंखे फिरतात, आणि नवखा माणूस ‘वीज तर आहे’ म्हणून तिकडे पाहतच नाही. रॅम बसल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू हाताने दाबून खात्री करावी लागते. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसून पुन्हा बसवण्याचा आपल्याकडचा पिढीजात उपाय जुन्या रॅमवर अनेकदा लागू पडतो. नव्याकोऱ्या रॅमवर पुसण्यापेक्षा पुन्हा बसवण्याचाच गुण येतो. चार खणांच्या बोर्डावर रॅमची एकच कांडी असेल तर ती बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या खणात जाते, पहिल्या नव्हे. बोर्डाच्या पुस्तिकेत तसे छापलेले असते.

मग पडद्याची केबल. ग्राफिक्स कार्ड लावलेले असताना केबल बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये खोचणे ही चूक वरवर हास्यास्पद वाटते, पण ती रोज घडते. त्याची उलट बाजूही आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात चित्र उमटवणारा भागच नसतो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये तो नाही, ५६००जी मध्ये आहे. थोडे पैसे वाचवायला ‘एफ’ घेतला आणि कार्ड नंतर घेऊ म्हटले, तर बोर्डावर एचडीएमआयचे तोंड असूनही पडदा कायम काळा राहील, आणि तक्रार करायला जागा नसेल.

चौथी तक्रार खरे म्हणजे तक्रार नाही. पडद्यावर कंपनीचे नाव येते आणि ‘बूट डिव्हाइस नाही’ असा निरोप येतो. नव्या डिस्कवर विंडोज कुणी घातलेलेच नसते. जुन्या मशीनची डिस्क तशीच लावली असेल, तर जुन्या पद्धतीने विभागलेली ती डिस्क नव्या यूईएफआय बोर्डाला बूट करण्याजोगी वाटत नाही. पण इथवर आलेले मशीन जोडणाऱ्याच्या परीक्षेत पास झालेले आहे.

या चारही प्रकरणांत एकच रीत पुन्हा पुन्हा येते : आधी कमी करा, मग एकेक वाढवा. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एक कांडी, एसएमपीएस, आणि प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तर कार्ड. एवढ्यावर मशीनने पडदा दाखवलाच पाहिजे. डिस्क, रंगीत दिव्यांचे पंखे, वायफाय कार्ड, यूएसबीच्या वायरी हे सगळे नंतर. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल कागदावर. दोन बदल एकदम केले आणि मशीन चालू झाले तर आनंद होतो, पण ज्ञान होत नाही.

हातातल्या भागांकडून उत्तर कसे काढायचे, याचे माझे आवडते उदाहरण रॅमचे आहे. मशीन काळे आहे, दुसरी रॅम नाही, दुसरा बोर्ड नाही. अशा वेळी असलेली रॅमही काढून टाकायची आणि चालू करायचे. बोर्डाला बारीक स्पीकर जोडलेला असेल आणि आता बीप ऐकू आले, तर ती फार मोलाची बातमी असते. रॅम नाही अशी कुरकुर करायला प्रोसेसर चालू हवा, बायोस शाबूत हवा आणि वीज ठीक हवी. तिघेही एका आवाजात निर्दोष ठरले. हल्लीच्या अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. त्यांतला जो लागून राहतो तिथे गाडी थांबलेली असते. स्वस्त बोर्डांवर दिवे नसतात आणि स्पीकर खोक्यात येत नाही, पण तो अगदी थोड्या पैशांत मिळतो. घाटावर मशीन जोडणाऱ्याने तो खिशातच ठेवावा.

इंग्रजी पुस्तके सहसा ज्याची चर्चा करत नाहीत, तो भाग मी मुद्दाम पसरून लिहिला आहे : भिंतीतली वीज. परदेशी लेखक प्लगमधून बरोबर वीज येते असे धरून चालतो. आपण तसे धरू शकत नाही. संध्याकाळी गावचा दाब उतरतो, आणि काही साध्या एसएमपीएसवर २०० ते २४० व्होल्ट एवढीच मर्यादा छापलेली असते. दुपारी चालणारे मशीन रात्री आठला उठत नाही याचे रहस्य कधी कधी एवढेच असते. जुन्या मशीनचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. नवे ग्राफिक्स कार्ड लावलेले मशीन त्याच्यावर टाकले की यूपीएस किंचाळून बंद होतो आणि बोल मशीनला लागतो.

आणि अर्थिंग. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घुसवण्याची सोय बाजारात आहे, म्हणून अनेक घरांत अर्थिंग नसल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, आणि ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर गाळलेला गोंगाट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, म्हणून माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात. पण असल्या पत्र्यावर बोट टेकून दुसऱ्या हाताने रॅम बसवणे, किंवा चालू मशीनला एचडीएमआय खोचणे, ही नव्या बोर्डाची परीक्षाच आहे. म्हणून पुस्तकाचे पहिले प्रकरण संगणकावर नसून मल्टिमीटरवर आहे. फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ ही तीन मापे नवे मशीन खोक्यातून काढण्याआधी घ्यावीत. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरे दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर पुढे जावे. ज्याने २३० व्होल्टवर कधी माप घेतलेले नाही, त्याने पहिल्यांदा वायरमनला शेजारी उभे करावे.

भागांचे आपसांत जमणे-न जमणे हा विषय वेगळ्या प्रकरणात आहे. तो फसवा आहे, कारण खाचेत बसते ते चालतेच असा आपला समज असतो. इंटेलच्या सहाव्या आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरांचे सॉकेट ११५१ याच नावाचे. आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डात आरामात बसतो आणि चालत नाही. एएमडीचे बी४५० बोर्ड २०१८ साली आले, रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये. दोन्ही जुळतात, पण बोर्डाचा बायोस नवा असेल तरच. गोदामात दोन वर्षे पडलेला बोर्ड प्रोसेसरला ओळखत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. ही सोय असलेला बोर्ड घ्यायला चार पैसे जास्त पडले तरी शहरापासून दूर राहणाऱ्याला ते वसूल होतात. फक्त हे काम वीज जाण्याच्या वेळी करू नये. बायोस अर्धवट लिहिला गेला तर बोर्ड सुरत दाखवूनच परत येतो.

‘आपणच घाई करतो आहोत’ ही चौथी शक्यता डीडीआर५ रॅमने खरी करून दाखवली. नव्या बोर्डावर ही रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिच्याशी वेळेचे बारीक ताळमेळ जुळवतो, आणि त्यात कधी कधी काही मिनिटे जातात. तोवर पडदा काळा. माणूस घाबरून बटण दाबून धरतो, मशीन बंद करतो, पुन्हा चालू करतो. बोर्ड पुन्हा पहिल्यापासून जुळवू लागतो. मध्येच वीज गेली तरी तेच. पहिल्या वेळेस मशीन यूपीएसवर लावावे, चालू करावे आणि चहा घेऊन यावे. पुस्तकातला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बिलाचा आणि पावतीचा विषय तांत्रिक पुस्तकात कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्याकडचा संगणक बहुधा एका दिवसात विकत घेतला जात नाही. प्रोसेसर दिवाळीच्या सवलतीत येतो, बोर्ड पुढच्या पगाराला, कार्ड कापसाचे पैसे आल्यावर. सगळे जमेपर्यंत पहिल्या भागाची परत करण्याची मुदत संपलेली असते. म्हणून जो भाग येईल तो येईल त्या आठवड्यात कुठल्याही चालत्या मशीनवर तपासून घ्यावा, आणि शक्य असेल तर बोर्ड आणि प्रोसेसर एकत्रच मागवावेत. बोर्डाचे प्लास्टिकचे झाकण काढल्याबरोबर सॉकेटमधल्या पिनांचा स्वच्छ फोटो काढावा. पीन वाकलेली निघाली तर ती वाट्याला तशीच आली होती, हे दाखवायला त्यापेक्षा चांगला साक्षीदार नाही.

एक इशारा प्रस्तावनेतच द्यायला हवा. एसएमपीएस बाहेर काढून हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून तो चालतो का हे पाहण्याची रीत पुस्तकात दिली आहे. ती सुरक्षित आहे, पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस वजन पेलेल असे नव्हे. १२ व्होल्टची वायर मशीन चालू असताना ११.४ ते १२.६ च्या आत राहते का, हे मोजल्याखेरीज त्याला प्रमाणपत्र देऊ नये. मात्र एसएमपीएसची पेटी उघडू नये. आतला मोठा कपॅसिटर तीनशे व्होल्टच्याही वर भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. इथे हुशारीला बक्षीस नाही.

हे पुस्तक आयटीआयमध्ये किंवा पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, तालुक्याच्या दुकानदारासाठी आहे, आणि आपले मशीन आपणच जोडू म्हणणाऱ्यासाठीही आहे. दुकानात बोलतो तीच भाषा वापरली आहे : रॅम, बोर्ड, एसएमपीएस, डिस्प्ले. लॅपटॉपची दुरुस्ती, बोर्डावरचे चिप बदलणे, गेलेली माहिती परत मिळवणे हे विषय यात नाहीत. ज्या तंत्रज्ञ मित्रांनी आपल्या टेबलावर मला बसू दिले, ज्या वायरमनदादांनी अर्थिंगचे प्रकरण वाचून दुरुस्त केले आणि ज्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक पायरी हाताने करून पाहिली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

पुस्तक उपयोगी पडले की नाही हे एका फोनवरून ठरेल. भाग खराब निघाला आणि शहरातल्या विक्रेत्याला फोन केला, तर आज तो म्हणतो, “पाठवून द्या, बघू.” मग जाण्या-येण्यात दोन आठवडे जातात. त्याऐवजी वाचक सांगू शकला की भिंतीतली वीज मोजली आहे, एसएमपीएस १२ व्होल्ट बरोबर देतो, बोर्ड खोक्यावर ठेवून पाहिला, रॅम काढल्यावरही बीप नाही, बायोस बदलून झाला आणि सॉकेटचा फोटो पाठवला आहे, तर पलीकडच्या माणसाला ‘बघू’ म्हणायला जागा उरत नाही. अंतर तेवढेच राहते. मोलगी सुरतेच्या जवळ सरकत नाही. पण त्या अंतराची किंमत कोणी मोजायची, हे बदलते.

ज्यांचे मशीन या क्षणी समोर बंद आहे आणि तरीही ज्यांनी इथवर वाचले, त्यांनी आता पहिले प्रकरण उघडावे. प्लग काढलेला असू द्यावा.